स्नोबोर्डिंगची पहिली सहल: वाशिमकरांनी काय ठरवावे, काय टाळावे

डिसेंबर उजाडला की वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीरकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. स्नोबोर्डिंग शिकायचे तर काश्मीर बरे की मनाली? ‘आठ दिवसांत गुलमर्ग, सोलंग, औली’ असे पॅकेज कोणी देत असेल तर घ्यावे का? तिथे पोहोचलो आणि बर्फच नसला तर पैसे परत मिळतात का? घरच्यांचा प्रश्न वेगळाच असतो: हे सारे सुरक्षित आहे का? या सगळ्यांची उत्तरे एकत्र देण्यासाठी हा लेख.

आधी ठरवा: डोंगर किती?

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या सहलीत राज्ये मोजू नका. एक खोरे निवडा आणि त्याच खोऱ्यातले निरनिराळे उतार करून पाहा.

हिशेब साधा आहे. वाशिमहून निघाल्यावर बर्फावर पाय ठेवेपर्यंत दोन दिवस जातात, परतायला तेवढेच. गुलमर्गहून औलीला जायचे तर आधी श्रीनगर, तिथून दिल्ली, मग ऋषिकेश आणि पुढे घाटातला दिवसभराचा रस्ता. या एका बदलात दोन-तीन दिवस संपतात. आठ दिवसांत तीन ठिकाणे दाखवणारे पॅकेज तुम्हाला गाडीच्या खिडकीतून बर्फ दाखवते. बोर्डवर उभे राहण्यासाठी त्यात प्रत्येक ठिकाणी जेमतेम अर्धा दिवस उरतो.

स्नोबोर्ड शिकताना पहिला दिवस पडण्या-उठण्यातच जातो. दुसऱ्या दिवशी अंग ठणकते. बोर्ड वळवणे साधारण तिसऱ्या दिवशी जमू लागते. नेमक्या त्याच वेळी सामान आवरून पुढच्या गावाला निघालात, तर तिथे पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून एकाच उतारावर, एकाच शिक्षकाकडे सलग तीन दिवस काढा आणि त्यानंतर जागा बदला.

दिवसांनुसार असे ठरवता येईल:

- सात दिवस (येणे-जाणे धरून): एकच ठिकाण. त्यात दुसरे कोंबू नका.
- दहा-अकरा दिवस: मनालीत मुक्काम ठेवून सोलंग आणि सेथन, रस्ता खुला असेल तर अटल बोगद्यापलीकडचे लाहौल. किंवा गुलमर्गला मुक्काम करून खालच्या उतारांवरून कोंगदूरीपर्यंत.
- दोन आठवड्यांहून जास्त: सरकारी संस्थेचा पूर्ण अभ्यासक्रम.

कोणते ठिकाण कोणासाठी?

गुलमर्ग. श्रीनगरपासून सुमारे 50 किलोमीटर, उंची साधारण 2,650 मीटर. देशात लिफ्टने वर जाऊन लांब उतार करायचा तर याला तोड नाही. गोंडोलाचे, म्हणजे केबल कारचे, दोन टप्पे आहेत. पहिला गुलमर्गहून कोंगदूरीला जातो, सुमारे 3,100 मीटरपर्यंत. तो 1998 मध्ये सुरू झाला. दुसरा 2005 पासून थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर नेतो, जवळपास 3,950 मीटरवर. कोंगदूरीहून निघणारी चेअरलिफ्टही आहे.

नवशिक्यांचे उतार मात्र खाली, गावाजवळच्या मैदानालगत आहेत. तुमचे पहिले तीन-चार दिवस तिथेच गेले पाहिजेत. दुसरा टप्पा फोटो काढण्यासाठी पर्यटकांनाही खुला असतो. पण वर उतरल्यावर बोर्ड घेऊन खाली येणे हे शिकाऊ माणसाचे काम नाही. तिथून पुढचा बहुतेक भाग आखलेल्या वाटांबाहेरचा डोंगर आहे. शिवाय वारा सुटला की हा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर एकच दिवस राखू नका.

दोन गोष्टी आणखी. गोंडोलाचे तिकीट जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरून आगाऊ काढा, दलालाकडून चढ्या भावाने घेऊ नका. आणि दिवसभर बोर्ड घेऊन वर-खाली करायचे असेल, तर पर्यटकांच्या एका फेरीच्या तिकिटाऐवजी खेळाडूंसाठीचा पास आहे का, हे खिडकीवर विचारा.

मनाली परिसर. एकाच सहलीत दोन-तीन उतार पाहायचे असतील तर माझी पसंती याला. मनालीपासून साधारण 13 किलोमीटरवर सोलंग. तिथे उतार सौम्य आहे, शिक्षक मिळतात, रोपवेही आहे. अडचण गर्दीची. स्लेज, रबरी ट्यूब, चारचाकी बाईक, फोटो काढणारी कुटुंबे, सगळे एकाच पांढऱ्या पट्ट्यावर असतात. सकाळी नऊच्या आत उतारावर पोहोचा आणि अकरा-बारापर्यंत आपला सराव उरका.

सेथन हे मनालीजवळचे वरच्या अंगाचे छोटे गाव. अलीकडे स्नोबोर्ड करणारी तरुण मंडळी तिथे मुक्काम करतात. गर्दी कमी, बर्फ मोकळा. पण लिफ्ट नाही. बोर्ड पाठीवर घेऊन चढायचे आणि घसरत खाली यायचे. एका सकाळी अशा चार-पाच चढाया केल्या तरी मांड्या भरून येतात. ज्यांना वळण जमू लागले आहे आणि दम आहे, त्यांनी चौथ्या दिवसानंतर इथे यावे. बर्फ असताना वरपर्यंत फोर बाय फोर गाडीच जाते.

रोहतांगखालचा 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर 2020 मध्ये खुला झाल्यापासून पलीकडचे सिस्सू हिवाळ्यातही आवाक्यात आले आहे. मात्र जोराचा बर्फ पडला की प्रशासन बोगद्याकडची वाहने थांबवते. लाहौलमधल्या काही गावांनी जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या सणांच्या आणि देवकार्याच्या दिवसांत पर्यटन बंद ठेवल्याचेही घडले आहे. तो त्यांचा हक्क आहे. निघण्याआधी मनालीतल्या मुक्कामाच्या जागी विचारून घ्या.

औली. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, साधारण 2,500 ते 3,050 मीटर उंचीवर. समोर नंदादेवी. उतार मोकळे आणि नीट राखलेले. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या होत्या. शिकण्यासाठी जागा उत्तम, पण दोन बाबी तपासूनच निघा. जोशीमठमध्ये, म्हणजे आताच्या ज्योतिर्मठमध्ये, जानेवारी 2023 मध्ये जमीन खचली तेव्हा तिथून औलीला येणारा रोपवे थांबवण्यात आला. तेव्हा वर रस्त्यानेच जायचे असे धरून चला. दुसरे म्हणजे चेअरलिफ्ट त्या आठवड्यात चालू आहे का, हे गढवाल मंडल विकास निगमकडे फोन करून विचारा. लिफ्ट बंद असेल तर तुमचा निम्मा दिवस चढण्यात जाईल.

नारकंडा आणि कुफरी. शिमल्याला जाणारच असाल तर नारकंड्याला एखाद-दोन दिवस उतार करता येतो. कुफरी बर्फ पाहण्यासाठी ठीक. बोर्ड शिकायला तिथे जाऊ नका.

स्की घ्यावी की स्नोबोर्ड?

स्कीमध्ये दोन्ही पायांना वेगळ्या पट्ट्या आणि हातात काठ्या. पहिल्या दिवशी उभे राहणे सोपे, पुढे सफाई यायला वेळ लागतो. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. सुरुवात कठीण, पण एकदा वळण आले की प्रगती झपाट्याने होते. ज्यांना गुडघ्याची जुनी दुखापत आहे, त्यांनी दोन्हींपैकी काहीही निवडण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मनगट किंवा माकडहाड आधी दुखावलेले असेल, तर स्नोबोर्ड टाळलेलाच बरा, कारण नवशिका पडतो तो याच दोन ठिकाणी.

एक बारकावा पॅकेजवाले सांगत नाहीत. दांड्याला धरून बर्फावरून ओढत नेणारी लिफ्ट स्कीवाल्याला सोपी पडते. बोर्डवाल्याला एक पाय सोडून, आडवे उभे राहून ती धरावी लागते आणि नवा माणूस हमखास कोलमडतो. सपाट पट्ट्यावरही तुम्ही अडकता, कारण काठ्या नसतात. म्हणून ठिकाण ठरवताना ‘लिफ्ट आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘कोणती लिफ्ट?’ हेही विचारा.

संस्था की खासगी शिक्षक?

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गला आहे. मनालीला अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण व संलग्न क्रीडा संस्था आहे आणि तिचे हिवाळी वर्ग सोलंगला भरतात. औलीत गढवाल मंडल विकास निगम शिकवते. अशा अभ्यासक्रमांत राहणे, जेवण, सामान आणि शिक्षण सहसा एकाच शुल्कात असते, त्यामुळे एकूण खर्च खासगीपेक्षा बराच आटोक्यात राहतो. शिस्त कडक असते, वयाची अट आणि वैद्यकीय दाखला लागतो, आणि जागा लवकर भरतात. या संस्थांचा भर मुख्यतः स्कीवर आहे. स्नोबोर्डची तुकडी त्या हंगामात आहे का, हे अर्ज भरण्याआधी लेखी विचारून घ्या. महाविद्यालयीन मुलामुलींना मी डोळे झाकून हाच मार्ग सुचवीन.

खासगी शिक्षक घेणार असाल तर:

- पर्यटन विभागाच्या नोंदणीचे ओळखपत्र पाहा. हिमाचलमध्ये साहसी खेळ चालवणाऱ्यांना ही नोंदणी सक्तीची आहे.
- तास किती, विद्यार्थी किती, बोर्ड-बूट-हेल्मेट दरात धरले आहेत का, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी बोलण्यावर जाऊ नका.
- पहिल्या दिवसाचेच पैसे द्या. शिकवणे पटले तर पुढचे द्या.
- ‘दोन तासांत वरून खाली आणतो’ म्हणणाऱ्याला नकार द्या.

कधी जावे?

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. काश्मीरचा कडाक्याच्या थंडीचा काळ, ‘चिल्ले कलान’, 21 डिसेंबर ते 31 जानेवारी असतो. बर्फ साचतो तो त्याच दिवसांत, पण थंडी आणि रस्ते बंद पडण्याचे प्रकारही तेव्हाच जास्त. आपल्याकडे तूर निघून हरभरा-गहू काढणीला यायच्या मधली सवड बहुतेक शेतकरी कुटुंबांना याच सुमारास मिळते. दहावी-बारावीची परीक्षा घरात असेल तर तो विचार आधी.

बर्फाची खात्री मात्र कोणीच देऊ शकत नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे मैदान महिनाअखेरीपर्यंत कोरडे होते. 2025 ची गुलमर्गमधली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही बर्फ नसल्याने फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावी लागली. राष्ट्रीय स्पर्धेचे हे होते, तर तुमच्या आरक्षणाचेही होऊ शकते. तेव्हा हॉटेल असे घ्या की तीन-चार दिवस आधी रद्द केले तरी पैसे परत मिळतील. थोडे महाग पडले तरी चालेल.

वाशिमहून जाताना

- रेल्वे: नांदेडहून पूर्णा-अकोला मार्गाने उत्तरेकडे जाणाऱ्या काही गाड्या वाशिमला थांबतात, पण त्यांचे वार ठरलेले आहेत. वार जुळत नसेल तर अकोल्याहून जोडणी पाहा.
- विमान: कारंजा किंवा शेलूबाजारकडून समृद्धी महामार्गाला लागून नागपूर गाठणे सर्वांत सोयीचे. नागपूर-दिल्ली आणि दिल्ली-श्रीनगर ही तिकिटे एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी काढली आणि धुक्यामुळे पहिले विमान उशिरा पोहोचले, तर चुकलेल्या दुसऱ्या विमानाचा भुर्दंड तुमच्यावर.
- काश्मीरला रेल्वेने: 6 जून 2025 पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. बर्फात किंवा दरड कोसळून महामार्ग बंद पडला तर हा मोठा आधार आहे.
- तंगमर्गच्या पुढे: बर्फ असताना गुलमर्गपर्यंतचे शेवटचे 13 किलोमीटर साखळी लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीनेच जावे लागते. हे भाडे पॅकेजमध्ये धरले आहे का, ते विचारा. वाद इथेच सर्वाधिक होतात.
- मोबाईल: बाहेरच्या राज्याचे प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. गटातल्या निदान दोघांकडे, वेगवेगळ्या कंपन्यांचे, पोस्टपेड असावे.
- परिस्थिती: एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवली होती. निघण्याच्या आठवड्यात प्रशासनाच्या सूचना वाचा.

भाड्याचे सामान: दहा मिनिटे इथे द्या

सर्वांत जास्त चूक इथे होते आणि सहल इथेच बिघडते. दुकानदार घाईत असतो, मागे रांग असते, आणि आपण हातात येईल तो बोर्ड घेऊन निघतो.

आधी बूट. बूट घालून नाड्या आवळा, गुडघे वाकवून उभे राहा आणि चवड्यावर भार द्या. टाच आतल्या आत उचलली जात असेल तर तो बूट मोठा आहे, एक नंबर लहान मागा. बोटे पुढच्या टोकाला अलगद लागावीत, दुमडू नयेत. मोजा एकच, पण लांब आणि जाड. दोन मोजे घातले की पाय आत सरकतो आणि फोड येतात.

मग बोर्ड. उभा धरला की तुमच्या हनुवटी ते नाकाच्या दरम्यान यावा. नवशिक्याने हनुवटीपर्यंतचा घ्यावा. दोन्ही बाजूंच्या लोखंडी कडांवरून नख फिरवा. त्या सलग असाव्यात, गंजून तुटलेल्या नसाव्यात. बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डला जखडणाऱ्या भागाचे, स्क्रू हाताने हलवून बघा, पट्टे दात धरतात का ते पाहा.

पुढचा पाय कोणता, हे घरीच ठरवता येते. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरा. आपोआप पुढे जाणारा पाय तोच तुमचा पुढचा पाय. उजवा असेल तर दुकानदाराला आवर्जून सांगा, कारण बाइंडिंग सहसा डाव्यासाठी लावलेले असते.

सोबत घ्यायचे ते असे:

- मनगटाचे गार्ड (स्केटिंगचे चालतात) आणि गुडघ्याचे पॅड. तिथे मिळतीलच असे नाही.
- बर्फावरचे हेल्मेट. मोटारसायकलचे चालत नाही.
- अतिनील किरणे अडवणारा गॉगल आणि सनस्क्रीन. बर्फावरचे ऊन मे महिन्यातल्या उन्हासारखेच भाजते.
- आतून लोकरी किंवा सिंथेटिक कपडे. सुती बनियन आणि जीन्स भिजली की वाळत नाहीत, त्या नकोतच. वरचा जलरोधक सूट मनालीत आणि तंगमर्गला भाड्याने मिळतो.

पडायचेही शिकून घ्या. पुढे पडताना मुठी मिटून कोपरापर्यंतचा हात टेकवा, मागे पडताना हनुवटी छातीशी घेऊन बसकण मारा. तळहात पसरून टेकवला की मनगट मोडते.

तब्येत: विदर्भातल्या माणसाने हे वाचावेच

वाशिम साधारण 550 मीटर उंचीवर आहे. दोन दिवसांत तुम्ही 2,500 मीटरच्या वर जाता. पहिल्या दिवशी फक्त चाला, भरपूर पाणी प्या, बोर्ड दुसऱ्या दिवशी. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे दिसली तर आणखी वर जाऊ नका. ती वाढली, श्वास अडखळू लागला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर लगेच खाली उतरा. गोळ्या घेऊन वरच थांबून राहणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भात हा आजार अनेक कुटुंबांत आहे आणि केवळ वाहक असलेल्या कित्येकांना ते ठाऊकही नसते. सिकलसेलच्या रुग्णाने इतक्या उंचीवर जाणे धोक्याचे आहे. वाहकालाही उंचीवर, थंडीत, शरीरातले पाणी कमी झाले असता प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखू लागते. शासकीय रुग्णालयात याची तपासणी होते. एकदा करून घ्या आणि वाहक असाल तर गोंडोलाचा दुसरा टप्पा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. दमा, रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनीही तसेच.

हिमस्खलन

फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन स्कीअर हिमस्खलनात मरण पावले. ही मंडळी अनुभवी होती आणि आखलेल्या वाटांबाहेर गेली होती. तुमच्यासाठी नियम एकच: दोरी किंवा झेंड्यांच्या बाहेर जायचे नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. मोठा बर्फ पडून गेल्यावरचा पहिला-दुसरा दिवस विशेष जपण्याचा. आकाश निरभ्र असते आणि मोह होतो, पण नवा थर तेव्हाच सैल असतो.

विमा

साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. पॉलिसीच्या ‘वगळलेल्या बाबी’ हे पान स्वतः वाचा. स्नोबोर्डिंग नावानिशी धरले आहे का, आखलेल्या वाटेबाहेर चालतो का, डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च मिळतो का, हे तिन्ही प्रश्न कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एजंटचे तोंडी ‘हो’ दाव्याच्या वेळी उपयोगाचे नाही.

पैसे अडकले तर तुमचे हक्क

- विमान रद्द झाले: बर्फ किंवा धुक्यामुळे रद्द झाल्यास भरपाई मिळत नाही, पण पूर्ण परतावा किंवा पर्यायी विमान यांपैकी निवड तुमची. कंपनी क्रेडिट गळ्यात मारत असेल तर नकार द्या.
- रेल्वे: गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरून पूर्ण परतावा मागता येतो. गाडी तुमच्या स्थानकावरून सुटण्याआधी तो भरा.
- पॅकेज: आगाऊ रक्कम रोख देऊ नका. करारात मुक्कामाची नावे, दिवस, शिक्षणाचे तास, सामान आणि बर्फ नसल्यास काय, हे लिहिलेले असावे. ‘निसर्गाच्या कारणाने परतावा नाही’ असे वाक्य असेल तर सही करण्याआधी ते बदलून घ्या. न वापरलेल्या हॉटेलचे आणि शिकवणीचे पैसे तरी परत मिळाले पाहिजेत.
- तक्रार: आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंदवा, बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असो की श्रीनगरची, तक्रार वाशिमलाच दाखल होईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची.

तक्रारीसोबत पैसे भरल्याची पावती, व्हॉट्सॲपवरचे संभाषण आणि उताराचे तारखेसह फोटो लागतात. म्हणून बर्फ नसलेल्या मैदानाचा, बंद लिफ्टच्या फलकाचा, तुटक्या बाइंडिंगचा फोटो तिथल्या तिथे काढा आणि त्याच दिवशी आयोजकाला पाठवून उत्तर मागा.